नोंद शून्य

वार्डोच्या ग्रंथालयात दुपारी बारालाही दिवे लागलेलेच.
डिसेंबर आहे. सूर्य नोव्हेंबरातच रजेवर गेला.
टेबलावर रेकॉर्डर, संमतिपत्रं, थर्मासातली कॉफी,
आणि विद्यापीठानं ट्रोम्सोहून पाठवलेला तक्ता:
कोण कधी आत आलं, किती मिनिटं थांबलं,
कुठल्या पानावरून माघारी फिरलं.
मला तक्त्यामागची माणसं आणायला सांगितलंय.
बोटीचं भाडं त्याच खर्चात.

तोर्दिस, वय एक्केचाळीस, नर्सिंगचं दुसरं वर्ष.
तक्ता म्हणतो, मूत्रपिंडाचं व्याख्यान तिनं सतरा वेळा ऐकलं.
अवघड होतं का? मी विचारलं.
"मूत्रपिंड पहिल्या फटक्यात कळलं मला.
पण बाविसाव्या मिनिटाला बाईंच्या मागे कुत्रं भुंकतं
आणि बाई म्हणतात, अरे थांब रे जरा, येते.
कारखान्यात कॉडची मुंडकी उडवताना
कानात तेवढं एक घर असलं की पाळी सरते."
मी वहीत लिहिलं, सोबत.
मग खोडलं. असा रकाना मान्य यादीत नाही.

योगेश्वरी सव्वीस वर्षांपूर्वी जाफन्याहून आली,
नवऱ्यामागोमाग, ह्याच धक्क्यावर.
तिच्या नावापुढे: उतरवून घेतलेल्या फाइली, शून्य.
हे मी वाचून दाखवताच
तिनं पिशवीतून चार जाड वह्या काढल्या.
सगळं उतरवून घेतलेलं. हातानं.
निळ्या शाईत नॉर्वेजियन,
समासात पेन्सिलीनं बारीक तमिळ.
"जूनमध्ये कोर्स बंद होतो, पानं दिसेनाशी होतात.
पुस्तकं जळताना मी लहानपणी पाहिलीत."
आणि कपावर तळहात ठेवला, कॉफी नको म्हणून, की कसा, कोण जाणे.
लेखी प्रतीत मी टंकलं:
शांतता, सहा सेकंद.
ती जास्त होती. रेकॉर्डरचं घड्याळ सहाच सांगतं.

तिसरा युन-आरे, एकोणीसचा, ओल्या बुटांनी आला,
खुर्चीत बसला तो अर्धा दाराकडे तोंड करून.
सप्टेंबरपासून एकदाही आत आलेला नाही.
कार्यालयानं त्याच्या नावाभोवती लाल गोल काढलाय.
मी तयार केलेले अकरा प्रश्न एकेक करून पडत गेले,
तो खांदे उडवत राहिला,
मग म्हणाला, ते यंत्र बंद कर.
केलं.

बहीण आहे चुलत, बेरित. तिच्याच नावानं शिरतात दोघं.
एक लॅपटॉप, तिच्या स्वयंपाकघरात, रात्री बाळ झोपलं की.
ती मोठ्यानं वाचते, कारण अक्षरं त्याच्यासमोर स्थिर राहत नाहीत,
तो तोंडी उत्तरं देतो, ती टंकते.
तिचे गुण वर्गात सर्वांत वरचे.
"अर्धे माझे," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.
"अर्धे म्हणजे, खरं तर, जास्तच."

आता हे मी कुठे लिहू?
बंद यंत्रासमोर सांगितलेलं माझ्या मालकीचं नाही.
लिहिलं तर बेरित जाते, न लिहिलं तर हा.
पद्धतीच्या पुस्तकात ह्या जागी एक परिच्छेद आहे,
शहाणा, मोजूनमापून लिहिलेला. तो मी पाठ शिकवते.

उठताना मी त्याला सांगितलं, अहवालात खरं नाव येत नाही,
टोपणनाव तू निवड.
त्यानं विचार केला नाही.
आजोबांच्या बोटीचं नाव दिलं, हावसुला,
आणि स्पेलिंग सांगताना अडखळला, तसा
माझ्या हातातून पेन घेऊन
कागदावर त्यानं पक्षीच काढला,
लांब चोच, पंख मागे ओढलेले, पाण्यात सूर मारतानाचा.

खाली बर्फ खरवडणारी गाडी गेली, दिवे भिंतीवरून सरकले.
मी तक्ता उघडला. हावसुला, एकोणीस, नोंद शून्य.
पुढचा रकाना टिपणीचा.
त्यात मावेल एवढा लहान करून
तो पक्षी तिथे चिकटवता येईल का,
हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.